पाणीपातळी, निकाल आणि किरणोत्सव : कॅशिंग सर्व्हरचा भार कसा मोजावा

पावसाळ्यात कोल्हापूरकर दिवसातून कितीदा तरी एकच आकडा शोधतात : राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा किती फुटांवर आहे. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी हे शहरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. अशा वेळी नदीकाठच्या पेठेतला माणूस घरातले सामान माडीवर न्यायचे की घरच सोडायचे, हे त्या आकड्यावरून ठरवतो. पुण्या-मुंबईला किंवा आखातात असलेली त्याची मुलेही जीव टांगणीला लागलेला असताना तोच आकडा मोबाइलवर पाहत असतात. तो दाखवणारे पान नेमके त्याच वेळी उघडेनासे झाले, तर माणसे अफवांवर विसंबतात. म्हणून अशा पानापुढे उभा असलेला कॅशिंग सर्व्हर किती भार झेलेल याचा अंदाज आधी बांधणे, आणि तो चाचणीने पडताळून पाहणे, हे काम कोल्हापुरात तरी आपत्ती व्यवस्थापनाचाच भाग मानले पाहिजे.

कॅशिंग सर्व्हरचे काम थोडक्यात असे. मूळ सर्व्हरवर डेटाबेस आणि पान तयार करणारा प्रोग्रॅम असतो. एक पान तयार करायला त्याला काही मिलिसेकंदांपासून एखाद-दोन सेकंदांपर्यंत वेळ लागतो. कॅशिंग सर्व्हर त्याच्या पुढे बसतो, तयार पानाची प्रत स्वतःजवळ ठेवतो आणि पुढच्या माणसाला तीच देतो. प्रत हाताशी असली तर ‘हिट’, नसली आणि मूळ सर्व्हरकडे जावे लागले तर ‘मिस’. प्रत किती वेळ ताजी मानायची, ती मुदत बहुधा मूळ सर्व्हरच सांगतो. स्क्विड, व्हार्निश आणि एनजिनएक्स ही या कामाची नावाजलेली सॉफ्टवेअर. १९९० च्या दशकात स्क्विड मुख्यतः वाचणाऱ्यांच्या बाजूला, कॉलेजात किंवा कंपनीत, महागड्या आणि अरुंद लाइनवरचा भार हलका करण्यासाठी बसवला जाई. पुढे बहुतेक वाहतूक एचटीटीपीएसमधून, म्हणजे सांकेतिक रूपात, होऊ लागली, मधल्या सर्व्हरला पान वाचता येईना, आणि त्या बाजूच्या कॅशेचे महत्त्व ओसरले. संकेतस्थळाच्या बाजूचा कॅशे मात्र अधिकच गरजेचा झाला. व्हार्निश तर २००६ मध्ये ‘वेर्देन्स गांग’ या नॉर्वेतल्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळासाठीच तयार झाला.

सर्व्हर विकत घेताना किंवा भाड्याने घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो : सेकंदाला किती रिक्वेस्ट झेलतो? विकणाराही एक आकडा सांगून मोकळा होतो. माझे म्हणणे असे की हा आकडा मागणीच्या स्वरूपापासून तोडून सांगताच येत नाही. सगळे एकच गोष्ट मागतात की प्रत्येक जण वेगळी, ती किती वेळाने बदलते, आणि ती किती मोठी आहे, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. कोल्हापुरातच या तीन गोष्टींची तीन अगदी वेगळी मिश्रणे सापडतात, आणि तीन ठिकाणी सर्व्हर तीन वेगळ्या कारणांनी कोलमडतो.

एकच आकडा, लाखो विचारणारे

पाणीपातळीच्या पानापासून सुरुवात करू. धरून चालू की पुराच्या संध्याकाळी २ लाख लोक हे पान पाहत आहेत आणि प्रत्येक जण सरासरी १५ मिनिटांनी ते पुन्हा उघडतो. १५ मिनिटे म्हणजे ९०० सेकंद. तेव्हा सेकंदाला साधारण २२२ वेळा पान उघडले जाते. पहिल्यांदा पान उघडताना चित्रे, फॉण्ट, स्टाइल अशा वीस-पंचवीस रिक्वेस्ट जातात, पण पुढच्या वेळी यातले बरेचसे फोनमध्येच साठलेले असते. सरासरी ४ रिक्वेस्ट धरल्या तर सेकंदाला सुमारे ८९०. ऐन गर्दीच्या क्षणी याच्या तिप्पट धरू, म्हणजे २,७०० च्या आसपास.

आता मूळ सर्व्हरपर्यंत यातले किती पोहोचते ते पाहू. प्रतीची मुदत ६० सेकंद ठेवली, तर पानासाठीच्या २२२ गुणिले ६०, म्हणजे १३,३२० मागण्या एका प्रतीवर भागतात आणि तेवढ्यांमागे मूळ सर्व्हरकडे एकच खेप होते. हिटचे प्रमाण ९९.९९ टक्क्यांच्या वर जाते. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पाहणारे २ लाखांचे ४ लाख झाले, तरी मूळ सर्व्हरकडे मिनिटाला एकच खेप होते. मागणी दुप्पट होऊनही मागचा भार तसूभर वाढत नाही. मुदत अगदी १ सेकंद ठेवली, तरी २२३ मागण्यांत एकच मिस होते, म्हणजे ९९.५ टक्के हिट. पातळीची अधिकृत नोंद तासातासाने होते. त्यामुळे मिनिटभर जुनी प्रत देण्यात काहीच नुकसान नाही. अट एकच : आकड्याशेजारी तो किती वाजताचा आहे हे त्याच ठळकपणे छापलेले असावे.

हे गणित ऐकून निर्धास्त व्हावेसे वाटते, पण धोका मुदत संपण्याच्या क्षणी असतो. ६० वा सेकंद उलटला, प्रत शिळी झाली, आणि मूळ सर्व्हरला नवे पान द्यायला २ सेकंद लागले, असे समजा. त्या २ सेकंदांत आलेल्या ४४४ मागण्यांपैकी प्रत्येकीला कॅशे रिकामा दिसतो. सर्व्हरने त्या सगळ्या मागे पाठवल्या, तर जिथे एक खेप पुरली असती तिथे ४४४ खेपा होतात. ऐन गर्दीत १,३००. एवढ्या ओझ्याने मूळ सर्व्हर आणखी मंदावतो, २ सेकंदांचे ८ होतात, त्या ८ सेकंदांत आणखी मागण्या साचतात. याला उपाय आहे. पहिली मागणी पुढे जाऊ द्यायची आणि बाकीच्यांना तिच्या उत्तरासाठी थांबवायचे. व्हार्निशमध्ये ही सोय मुळातच चालू असते; एनजिनएक्स आणि स्क्विडमध्ये ती आपल्याला चालू करावी लागते. याहून चांगला उपाय म्हणजे नवे पान येईपर्यंत सगळ्यांना जुनीच प्रत देत राहणे. आरएफसी ५८६१ या २०१० च्या इंटरनेटविषयक दस्तऐवजात त्यासाठीची सूचना नमूद आहे. सर्व्हर तोच, यंत्र तेच. पण ही एक सोय बंद आहे की चालू, यावर तो तगतो की झोपतो हे ठरते. यंत्राच्या क्षमतेच्या तक्त्यात मात्र या ओळीचा पत्ता नसतो.

निकालाचा दिवस

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. एवढ्या मोठ्या विद्यापीठाचा निकाल लागतो तेव्हा गर्दी पाणीपातळीसारखीच अचानक उसळते, पण तिचे रूप अगदी उलटे असते. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचाच निकाल हवा असतो. दुसऱ्याची प्रत त्याला चालत नाही आणि द्यायचीही नसते.

समजा ५०,००० विद्यार्थी आहेत. निम्मे पहिल्या अर्ध्या तासात येतात आणि प्रत्येक जण तीनदा निकाल उघडतो. ७५,००० मागण्या भागिले १,८०० सेकंद, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४२. आकडा किरकोळ दिसतो. पण प्रत्येक मागणीला डेटाबेसचे १०० मिलिसेकंद लागत असतील आणि एका वेळी ४ कामे चालत असतील, तर सेकंदाला ४० मागण्याच पुऱ्या होतात. ४२ येतात आणि ४० जातात. सेकंदाला जवळजवळ दोघे मागे राहतात, आणि अर्ध्या तासात रांग तीन हजारांवर जाते. त्यात कंटाळून पुन्हा बटण दाबणारे वेगळेच.

इथे हिटचे प्रमाण कसे फसवते पाहा. निकालाच्या प्रत्येक भेटीत १२ रिक्वेस्ट जातात असे धरू : बोधचिन्ह, स्टाइल, फॉण्ट, फॉर्मचे पान अशा ११ आणि प्रत्यक्ष निकालाची १. पहिल्या ११ कॅशेतून जातात. अहवालात लिहिले जाते, हिट ९२ टक्के. वाचणाऱ्याला वाटते, सर्व्हर उत्तम चालला आहे. प्रत्यक्षात डेटाबेसवरचा भार एका टक्क्यानेही घटलेला नाही, कारण ज्या एका रिक्वेस्टला खरी किंमत आहे ती दर वेळी मागेच गेली. म्हणून हिट मोजताना रिक्वेस्टची नुसती संख्या घेऊन भागत नाही. प्रत्येक मिसने मूळ सर्व्हरचा किती वेळ खाल्ला, ते वजन लावून मोजले पाहिजे. निकालाच्या संकेतस्थळाला मोठा कॅशिंग सर्व्हर घेण्यात पैसा घालवण्यापेक्षा सगळे निकाल आदल्या रात्रीच तयार फाइलींच्या रूपात काढून ठेवावेत, त्या बैठक क्रमांक आणि जन्मतारीख जुळल्यावरच द्याव्यात, आणि डेटाबेसला त्या दिवशी वाटेतूनच बाजूला काढावे, असे मला ठामपणे वाटते.

किरणोत्सव : रिक्वेस्ट थोड्या, ओझे मोठे

तिसरे उदाहरण अंबाबाईच्या मंदिराचे. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणे गाभाऱ्यात पोहोचतात. ती अनुक्रमे देवीच्या चरणांवर, वक्षावर आणि मुखावर पडावीत अशी परंपरेची अपेक्षा असते. हा सोहळा काही मिनिटांचा. थेट प्रक्षेपण पाहणारे सगळे त्याच मिनिटांना जोडले जातात. गर्दीची वेळ आधीपासून घड्याळ लावून ठरलेली असणे, ही भार मोजणाऱ्याच्या दृष्टीने दुर्मीळ सोय आहे.

थेट प्रक्षेपण छोट्या तुकड्यांनी जाते. प्रत्येक तुकडा ६ सेकंदांचा धरू आणि प्रवाह सेकंदाला १.५ मेगाबिटचा. प्रेक्षक ५,००० असतील तर प्रत्येक जण ६ सेकंदांत एक तुकडा आणि तुकड्यांची यादी अशा दोन रिक्वेस्ट करतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १,६७०. पाणीपातळीच्या २,७०० पेक्षा हे बरेच कमी. पण बाहेर जाणारा डेटा? ५,००० गुणिले १.५, म्हणजे सेकंदाला साडेसात गिगाबिट. पाणीपातळीची सरासरी फाइल २० किलोबाइटची धरली तर तिथे हाच आकडा ४३२ मेगाबिट निघतो. रिक्वेस्ट कमी आणि ओझे सतरापट. १ गिगाबिटची लाइन असेल तर ती कागदावरही ६६६ प्रेक्षकांपुढे जात नाही, मग प्रोसेसर कितीही मोकळा असो. उलट मूळ सर्व्हरकडून मात्र एकच प्रवाह यावा लागतो, १.५ मेगाबिटचा. हिटचे प्रमाण जवळजवळ पूर्ण असूनही इथे लाइन भरते. अशा कामाला शहराबाहेर, प्रेक्षकांच्या जवळ पसरलेले कॅशे हवेत. एका खोलीतल्या एका यंत्राला कितीही मेमरी दिली तरी ते पुरणार नाही.

अंदाज कशावरून बांधायचा

वरचे सगळे आकडे ‘धरून चालू’ म्हणून घेतले. प्रत्यक्षात ते सर्व्हरच्या नोंदवहीतून, म्हणजे लॉगमधून, यायला हवेत. स्क्विडच्या लॉगमधली एक ओळ जवळून पाहण्यासारखी असते. ओळीत दहा रकाने असतात. पहिल्यात वेळ, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत आणि मिलिसेकंदांपर्यंत. दुसऱ्यात ही रिक्वेस्ट पुरी व्हायला किती मिलिसेकंद लागले. तिसऱ्यात मागणाऱ्याचा पत्ता. चौथ्यात निकाल : ‘टीसीपी_मेम_हिट/२००’ असेल तर प्रत मेमरीतूनच गेली, ‘टीसीपी_मिस/२००’ असेल तर मागे जावे लागले. पुढे बाइट, मागणीचा प्रकार, पानाचा पत्ता, वापरणाऱ्याचे नाव, उत्तर कुठून आणले ते, आणि शेवटी मजकुराचा प्रकार. दुसऱ्या रकान्यात एक खोच आहे. त्यात मागणाऱ्यापर्यंत डेटा पोहोचवायला लागलेला वेळही धरलेला असतो. त्यामुळे हिट असूनही तिथे ४,००० दिसू शकते, आणि तो दोष सर्व्हरचा नसून पलीकडच्या रडतखडत चालणाऱ्या मोबाइल नेटवर्कचा असतो.

लॉगवरून पहिली गोष्ट काढायची ती सेकंदागणिक रिक्वेस्टची संख्या. बहुतेक आलेख पाच मिनिटांची सरासरी दाखवतात, आणि तिथेच घात होतो. पाच मिनिटांत ६०,००० रिक्वेस्ट आल्या तर सरासरी सेकंदाला २००. पण राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी व्हॉट्सअॅपवर फिरली आणि त्यातल्या निम्म्या रिक्वेस्ट पहिल्या ३० सेकंदांत आल्या, तर त्या वेळी वेग सेकंदाला १,००० होता. धरणाचा सांडवा सरासरी पावसावर आखत नाहीत, येऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या पुरावर आखतात. सर्व्हरचेही तेच. वर्षभराच्या सरासरीने आखलेला सर्व्हर ज्या एका आठवड्यासाठी हवा असतो त्याच आठवड्यात कमी पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मागण्यांची वाटणी. थोडी पाने फार मागितली जातात आणि असंख्य पाने क्वचित. १९९९ मध्ये ब्रेस्लाऊ आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या, वाचणाऱ्यांच्या बाजूच्या कॅशिंग सर्व्हरचे (प्रॉक्सींचे) लॉग तपासले, तेव्हा ही वाटणी झिफच्या नियमासारखी निघाली आणि तिचा घातांक ०.६४ ते ०.८३ च्या दरम्यान आला. याचा व्यावहारिक अर्थ असा की कॅशेचा आकार दसपट केल्यावर हिटचे प्रमाण दसपट होत नाही, ते ठरावीक थोड्याच टक्क्यांनी वर चढते. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर जुन्या बातम्यांची लांबच लांब शेपटी असते, तिथे हे गणित लागते. पाणीपातळीच्या पानाला ते लागत नाही, कारण तिथे शेपटीच नाही.

मागणी खरोखर काय आहे हे आधी पाहायचे, याचा एक धडा याच जिल्ह्यात घडलेला आहे. १९९८ मध्ये वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला आणि कोल्हापूर-सांगलीतली वारणा खोऱ्यातली ७० गावे संगणक केंद्रांनी जोडायचे ठरले. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तिथला प्रत्यक्ष वापर पाहिला. शेतकऱ्यांना लागत होती ती ऊस आणि खताच्या नोंदींसारखी मोजकी, छोटी माहिती. संशोधकांनी ७ गावांत आठ महिने संगणकाच्या जागी मोबाइलवरचा एसएमएस वापरून पाहिला. संगणकावर होणारी सगळी कामे एसएमएसने झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती पद्धत अधिक आवडली. २००७ मध्ये ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने तो अभ्यास प्रसिद्ध झाला. भाराचा अंदाज बांधणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मी म्हणेन. लोक प्रत्यक्षात किती बाइट मागतात हे मोजले की कधी कधी प्रश्नाचा आकारच बदलतो. पाणीपातळी म्हणजे शेवटी एक आकडा आणि एक वेळ. त्याला दोन मेगाबाइटचे पान कशाला हवे?

आणखी एक हिशेब अंदाजात हटकून राहून जातो, तो एकाच वेळी उघड्या असलेल्या जोडण्यांचा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम साधा आहे : आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा वेळ. सेकंदाला २,७०० रिक्वेस्ट आणि प्रत्येकीला ५० मिलिसेकंद, तर आत १३५. आता पूर आला, टॉवर गर्दीने भरले, आणि फोनला सेकंदाला ४० किलोबिटच मिळू लागले. २० किलोबाइट म्हणजे १६० किलोबिट जायला ४ सेकंद लागतील. २,७०० गुणिले ४, म्हणजे १०,८०० जोडण्या एकाच वेळी उघड्या. लिनक्सवर एका प्रोग्रॅमला उघड्या फाइलींची नेहमीची मर्यादा १,०२४ असते, आणि प्रत्येक जोडणी तिथे एक उघडी फाइल म्हणूनच मोजली जाते. ती वाढवायची राहिली असेल, तर प्रोसेसर रिकामा, मेमरी रिकामी, लाइन अर्धी, आणि तरी सर्व्हर नव्या माणसाला दारातून परत पाठवत आहे, असा प्रकार होतो.

चाचणी कशी फसवते

कॅशिंग सर्व्हरच्या तुलनात्मक चाचण्या गांभीर्याने सुरू झाल्या त्या १९९० च्या दशकाच्या शेवटी. डुआन वेसेल्स आणि अॅलेक्स रूस्कोव्ह यांनी ‘वेब पॉलिग्राफ’ हे साधन तयार केले आणि निरनिराळ्या कंपन्यांचे सर्व्हर एकाच कृत्रिम भाराखाली शेजारी शेजारी ठेवून तपासले. त्यांचे मोठे काम हे की त्यांनी भाराचे वर्णन आधी लिहून काढले : किती टक्के मागण्या पुन्हा येतात, फाइलींचे आकार कसे पसरलेले आहेत, मूळ सर्व्हर किती वेळ लावतो. हे वर्णन नसेल तर चाचणीचा आकडा कोऱ्या पाकिटावरच्या रकमेइतकाच खरा.

आजही सर्रास केली जाणारी चाचणी म्हणजे एकच पान, त्याच खोलीतल्या दुसऱ्या यंत्रावरून, शंभर जोडण्यांनी, एक मिनिट मागत राहणे. आकडा उत्तम येतो. पण एकच पान असल्याने ते सतत मेमरीत असते, त्याच खोलीतले नेटवर्क असल्याने संथ ग्राहकांचा प्रश्नच येत नाही, आणि मिनिटभरात मुदत संपण्याची पाळी येते किंवा येतही नाही. खऱ्या गर्दीत सर्व्हर ज्या तीन ठिकाणी मोडतो ती तिन्ही अशा चाचणीतून निसटतात.

यापेक्षाही गहन फसवणूक चाचणीच्या साधनातच असते. बरीच साधने एक उत्तर आल्यावरच त्या जोडणीवर पुढची मागणी पाठवतात. खरे लोक असे वागत नाहीत. सर्व्हर अडकला म्हणून बाकीचे कोल्हापूर पान उघडायचे थांबत नाही. समजा १०० जोडण्यांनी १०० सेकंदांची चाचणी चालली आहे आणि वेग सेकंदाला १,००० आहे. मध्येच सर्व्हर १० सेकंद गोठला. साधनाकडे ९० सेकंदांची ९०,००० चांगली उत्तरे जमतात आणि गोठलेल्या काळाची फक्त १००, कारण शंभरही जोडण्या तिथेच वाट पाहत उभ्या होत्या. वाईट नोंदी ०.१ टक्का. अहवाल म्हणतो, १०० पैकी ९९ जणांना उत्तर लगेच मिळाले. खऱ्या जगात त्या १० सेकंदांत १०,००० माणसे आली असती. म्हणजे दहात एकाला थांबावे लागले असते, आणि सर्वांत दुर्दैवी एक टक्क्याला ९ सेकंदांहून अधिक. गिल टेने यांनी या चुकीला ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ असे नाव दिले आणि ती टाळणारे ‘डब्ल्यूआरके२’ हे साधन लिहिले. उत्तर येवो न येवो, ठरलेल्या वेगाने मागण्या पाठवत राहणारे साधनच चाचणीला वापरावे.

निष्कर्ष एका आकड्यात न देता वक्ररेषेत द्यावा. रांगेच्या सर्वांत साध्या सूत्रानुसार सर्व्हर ५० टक्के व्यग्र असताना उत्तराला लागणारा वेळ मूळ वेळेच्या दुप्पट होतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दसपट, ९५ ला वीसपट. प्रत्यक्षातले आकडे थोडे वेगळे येतात, पण शेवटची चढण अशीच खडी असते. म्हणून ‘कमाल २,७००’ यापेक्षा ‘१०० पैकी ९९ जणांना २०० मिलिसेकंदांत उत्तर देत २,७००’ असे विधान हवे, आणि नेहमीचा भार साठ-सत्तर टक्क्यांच्या आतच ठेवावा.

चाचणी रंगात आली असताना कॅशे मुद्दाम रिकामा करायला सांगावे. पुराच्या रात्री वीज गेली, जनरेटर चालू झाला, सर्व्हर पुन्हा उभा राहिला, तर तो रिकाम्या मेमरीनेच उभा राहणार आणि काही क्षण सगळी गर्दी मूळ सर्व्हरवर जाणार. हिटचे प्रमाण ९८ वरून ९६ वर आले तर ऐकायला दोनच टक्क्यांचा फरक वाटतो. मूळ सर्व्हरकडे मात्र सेकंदाच्या २,७०० मागण्यांपैकी ५४ ऐवजी १०८ जातात, सरळ दुप्पट. ही चाचणी मे महिन्यात, पहिला वळीव येऊन गेल्यावर तरी उरकलेली असावी. जुलैत प्रयोग करायला वेळ नसतो.

मूळ सर्व्हर पडला तर

एक प्रश्न चाचणीतून सुटत नाही, तो आधी ठरवावा लागतो. मूळ सर्व्हर पुरता बंद पडला, तर कॅशेने जुनी पातळी किती वेळ दाखवत राहावी? आरएफसी ५८६१ मध्ये याचीही तरतूद आहे आणि सेकंदांचा आकडा आपण भरायचा असतो. अनेक ठिकाणी तिथे एक दिवस लिहिलेला असतो. बातमीला किंवा मंदिराच्या वेळापत्रकाला तो चालतो, नदीला चालत नाही.

हा आकडा नदीच्या चढण्याच्या वेगावरून काढता येतो. इशारा आणि धोका पातळीत ४ फूट, म्हणजे ४८ इंच अंतर आहे. पाणी तासाला ३ इंच चढत असेल तर हे अंतर तोडायला १६ तास लागतात, ६ इंच चढत असेल तर ८ तास. तासाला ६ इंच हा वेग धरला तर दोन तास जुना आकडा एक फुटाने चुकलेला असू शकतो. सामान हलवायचे की माणसे हलवायची, हे ठरवताना एक फुटाची चूक हीच सहन करण्यासारखी शेवटची मर्यादा, असे मी मानतो. तेव्हा ७,२०० सेकंदांपर्यंत जुना आकडा त्याच्या वेळेसह दाखवावा; त्यानंतर तो आपोआप निघून जावा आणि त्या जागी ‘ताजी पातळी सध्या उपलब्ध नाही’ असे स्वच्छ मराठीत, जिल्हा नियंत्रण कक्षाच्या दूरध्वनी क्रमांकासह दिसावे. हे पर्यायी पान मूळ सर्व्हरवर ठेवून उपयोग नाही. ते कॅशिंग सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर आधीपासून ठेवलेले असावे, आणि मे महिन्यातल्या चाचणीत मूळ सर्व्हरची तार काढून, दोन तास वाट पाहून, ते खरोखर दिसते की नाही हे एखाद्या साध्या मोबाइलवर उघडून पाहावे.